कणगीमागची भिंत



आज पिकाची नोंद नाही, म्हणजे शेवटी थोडी आहे. पण आधी एक उत्तर द्यायचं राहिलंय. या पानावर मी पाऊस, पेरणी, कोळपणी, फवारणी, खर्च असं रोजचं लिहितो. त्यावर बरेच जण विचारतात, दादा नोंदी ठेवायची ही सवय कुठून लागली, कुठं ट्रेनिंग केलं का. एका कृषी सहाय्यक साहेबांनी तर मला ग्रॅज्युएटच समजलं होतं. मी दहावी पास. तेही गणितात काठावर.

आमच्या घरात पहिली नोंदवही आईनं ठेवली. तिला अक्षर येत नव्हतं. माघात ती गेली, आठ महिने झाले. ही तिच्याशिवायची पहिली रब्बी. पाभर बाहेर काढली आणि लक्षात आलं की तिच्याबद्दल मी या पानावर एक ओळसुद्धा लिहिली नाही. म्हणून आज लिहितो. लांबलं तर समजून घ्या.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळीत. ज्यांनी ही जमीन बघितली नाही त्यांना सांगतो, सपाट, झाड नाही, दगड नाही, नुसती काळी माती. पावसाळ्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि उन्हाळ्यात भेगेत वासराचा पाय अडकतो. इथं खरिपाचं कुणी फार मनावर घेत नाही. सगळा जीव रब्बीच्या ज्वारीवर. पाऊस जमिनीत मुरवून ठेवायचा आणि त्या ओलीवर, वरून एक थेंब न पडता, पीक काढायचं. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पुण्या-मुंबईचे लोक नाव घेऊन मागतात. आईला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कागद मिळाला व्हय? बरं झालं. भाव किती मिळाला?"

घर माळवदाचं. मधल्या खोलीत दोन कणग्या, आणि कणगीमागं एक भिंत. दिवाळीच्या आधी आई सगळं घर पांढऱ्या मातीनं सारवायची, पण तेवढी भिंत सोडायची. लहानपणी मला वाटायचं कणगी हलवायचा कंटाळा असेल. पण कणगी ती हलवायचीच. भिंत तेवढी सारवायची नाही.

त्या भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा होत्या. एका सालाला एक रेघ. मृग निघाला की नवीन रेघ मारायची. रेघेवर छोट्या उभ्या खुणा करून अकरा घरं पाडलेली, मृगापासून स्वातीपर्यंत. नक्षत्र कधी बदलतं ते देवळात पंचांग वाचायचे तिथून कळायचं. आणि त्या घरांत चुन्याचे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बोट पाऊस.

आता हे बोट कशाचं? अंगणात दगडाचं उखळ होतं, अजून आहे. पाऊस थांबला की आई बाहेर यायची, उखळात बोटं आडवी धरून पाणी मोजायची. दोन बोटं, तीन बोटं. मग पाणी उपसून उखळ पुसून कोरडं करायची, पुढच्या पावसाला. घरात येऊन पानाच्या डब्यातला चुना बोटाला लावायचा आणि भिंतीवर टेकवायचा. ओढ्याला पूर आला तर ठिपक्यांच्या वर सगळा पंजा. माझी मुलगी कृषी पदवीधर आहे, ती म्हणते उखळ तळाला निमुळतं, म्हणून पहिलं बोट आणि तिसरं बोट सारखं नाही, पहिल्या बोटाला पाऊस कमी असतो. बरोबर आहे तिचं. पण चाळीस वर्षं उखळही तेच आणि बोटंही तीच. मागच्या सालाशी ताडून बघायला ते पुरत होतं.

आणि ताडून बघायची ती. उत्तरा संपत आली की आप्पा, म्हणजे माझे वडील, कणगीजवळ येऊन उभे राहायचे. विचारायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. आई हातानं रेघ चाचपायची आणि म्हणायची, "औंदा वल खोल न्हाई. खालचं रान आधी घ्या, माळाकडचं राहू द्या." पेरायचं कुठं, किती, आधी काय, हे असं ठरायचं. गावात मात्र सगळे म्हणायचे आप्पांचा अंदाज चुकत नाही. आप्पांनी पण कधी दुरुस्त केलं नाही. माणूस चांगला होता, पण हे नाही केलं.

त्याच भिंतीवर खाली गेरूच्या खुणा गाई-म्हशींच्या. गाय कधी फळली, नऊ महिने नऊ दिवस कधी भरतात. आणि उजव्या कडेला बियाण्याच्या. त्या खुणा मला सगळ्यात उशिरा कळल्या.

बियाण्याची तिची पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती आजही कुणाला वापरता येईल. ज्वारी निसवून दाणा भरायला लागला की पौषात ती रानात फिरायची. कमरेला जुन्या लुगड्याच्या चिंध्या. बांधाकडची ताटं बघायची सुद्धा नाही, कितीही मोठं कणीस असलं तरी. तिथं ताटाला जागा जास्त, खत जास्त, तिथलं मोठेपण बियाण्याचं नव्हे, जागेचं. रानाच्या मधोमध जायची. कणीस घट्ट पाहिजे, दाणा मोत्यासारखा पाहिजे, चिकटा कमी पाहिजे, आणि शेजारची ताटं वाळायला लागली तरी याचं खालचं पान हिरवं पाहिजे. मग वाकून ताट बुडाशी दाबायची. पोकळ लागलं की सोडून द्यायचं. खडखड्या ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल ती काय बघत होती. सगळं पास झालं तर चिंधी. काढणीला आम्ही ज्वारी उपटत यायचो तेव्हा चिंधीची ताटं ती स्वतः बाजूला घ्यायची. कणसं चुलीवर धुरात टांगायची, मग काठीनं झोडपून, राख आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आणि तोंड शेणानं लिंपायचं.

भाद्रपदात मडकं फोडलं की पाच कोड्या दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायचे. कोडी म्हणजे वीस. चौथ्या दिवशी सोडून मोजायचे किती मोडावले. जितके मेले तितक्या बारीक रेघा भिंतीच्या उजव्या कडेला. मुलगी पहिल्या वर्षाला असताना उगवण चाचणीचं प्रॅक्टिकल शिकून आली, शंभर दाणे, ओलं गोणपाट वगैरे. मोठ्या उत्साहानं आज्जीला समजावून सांगत होती. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाच कोड्याच की गं."

ज्वारी बहुतेक स्वपरागीत, त्यामुळं असं राखलेलं बियाणं वर्षानुवर्षं चालतं. संकरित असेल तर मात्र या भानगडीत पडू नका. एम 35-1 हे वाणसुद्धा मोहोळच्या केंद्रात गावरान मालदांडीतूनच निवडून काढलेलं आहे. शास्त्रज्ञांनी मोठ्या प्रमाणावर आणि लेखी केलं. आई दोन एकरात आणि चिंधीनं करत होती.

कोळपणीचं पण तसंच. शिफारस सांगते तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा, शेवटची दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. आई आठवडे मोजत नव्हती. सकाळी रानात गेली की भेगेत करंगळी घालायची. करंगळी आत गेली की घरी येऊन आप्पांना सांगायची, "उद्या कोळपं जुपा." मी एकदा तारखा लावून बघितल्या होत्या. चार-पाच दिवसांच्या पुढंमागं सगळं जुळत होतं.

आता बहात्तरचं.

बहात्तर साली मी तीन वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही, सगळं ऐकीव आहे. त्या सालच्या रेघेवर मृगात दोन ठिपके, पुढं आर्द्रा, तरणा, म्हातारा, सगळी घरं कोरी. हस्तसुद्धा कोरा. पेरणी झालीच नाही. आई-आप्पा पाझर तलावाच्या कामावर गेले. रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 ला झाला, तेव्हा नुसतं दुष्काळी काम म्हणायचे. आप्पा माती टाकायचे, आई खडी फोडायची. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडं होतं ते तिथलं. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला तांबडी मिलो ज्वारी, अमेरिकेतून आलेली. मालदांडीची भाकरी खाणाऱ्यांनी ती तांबडी भाकरी कशी गिळली असेल. पण तीही पुरत नव्हती.

आणि घरात मडक्यात दोन पायल्या बियाणं होतं. आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं, तीन वेळा ते दळायला काढलं असं सांगतात. तिन्ही वेळा आईनं परत ठेवलं. सासूसमोर मान वर न करणारी बाई. मंगळवेढ्यात दामाजीपंतांची कथा शेंबड्या पोरालाही माहीत असते, दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना उघडून दिलं. आजीनं तेच सुनावलं, त्या संतानं कोठार फोडलं आणि तू दोन पायल्यावर बसलीस. तर आई म्हणाली म्हणे, "ते धान्य हुतं आत्या. हे बियाणं हाय."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या पाठची बहीण गेली. चौदा महिन्यांची होती. जुलाब-उलट्या लागल्या आणि दोन दिवसांत आटोपलं. तिचं नाव काय होतं हे मला चाळीशीपर्यंत माहीत नव्हतं, घरात कुणी घ्यायचंच नाही. त्या दिवशी आजी बोलली, बियाणं राखलंस, पोर न्हाई राखलीस. दोन पायल्या ज्वारीनं ती वाचली नसती. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं, गाळाचं, तेच सगळी पित होती, आणि गावात त्या उन्हाळ्यात तिच्याएवढी आणखीही पोरं गेली. हे मला कळतं. आईला कळत होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही. आजीनं मरेपर्यंत तो शब्द परत घेतला नाही आणि आईनं मरेपर्यंत आजीची सेवा केली, शेवटची दोन वर्षं तर अंथरुणात.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. आमच्या घरचं आणि भावकीतल्या तीन घरचं बियाणं त्या दोन पायल्यांतून गेलं.

एवढं सगळं त्या भिंतीवर होतं. आणि ती भिंत मी पुसली.

2008 साली धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पाहुणे येणार, घर बरं दिसावं म्हणून मी मधल्या खोलीला आतून सिमेंटचा गिलावा करून ऑइल पेंट मारायचं ठरवलं. आई चार दिवस पत्रिका द्यायला माहेरी गेली होती. कणग्या बाहेर काढल्या, गवंडी आला, त्यानं खोऱ्यानं भिंत खरवडली. मी तिथंच उभा होतो. रेघा दिसत होत्या मला. त्या कशाच्या आहेत हे मला अर्धं-मुर्धं माहीतही होतं. पण घरात टीव्ही आला होता, मोबाईल आला होता, हवामानाचा अंदाज रोज सांगत होते, आणि मला वाटलं आता कशाला पाहिजे ते. खरं सांगायचं तर एवढाही विचार केला नाही. पाहुण्यांना भिंत काळी दिसेल एवढंच डोक्यात होतं.

आई आली. दारातूनच बघितलं. फिकट निळा रंग, चकचकीत. म्हणाली, "पुसलंस व्हय? बरं." आणि डोक्यावरचं गाठोडं उतरवून कामाला लागली. लग्न झालं, जेवणं झाली, पाहुणे गेले. मृग निघाला, पाऊस पडला. मी उंबऱ्यात बसलो होतो. आई पागोळ्या थांबल्यावर बाहेर आली, उखळाजवळ गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि उखळ तसंच भरलेलं ठेवून आत आली. त्या साली तिनं उखळात बोट घातलं नाही. पुढच्या सालीही नाही. त्यात डासांच्या अळ्या झाल्या तेव्हा मीच ते पालथं घालायला गेलो, उचललं नाही.

मी माफी मागितली नाही. आपल्याकडं आईची माफी कुठं मागतात. तिला एक नवीन लुगडं आणलं. तिनं नेसलं.

2012-13 च्या दुष्काळात जनावरं छावणीला होती. त्या वर्षी मी रोज मोबाईलवर पावसाचा अंदाज बघायचो आणि संध्याकाळी आईला विचारायचो, असं साल पूर्वी कधी होतं का गं, पुढं काय झालं होतं. ती म्हणायची, "आता काय ध्यानात न्हाई लेका." हे ती टोचून म्हणायची असं नाही. खरंच भिंत बघितल्याशिवाय तिला सांगता येत नव्हतं. आपण नाही का वही हरवली की गप्प होतो, तसं.

मग मुलगी कॉलेजला गेली. दिवाळीच्या सुट्टीत येताना दोनशे पानी वही घेऊन आली आणि आज्जीसमोर बसली. आज्जी, भिंतीवर काय काय होतं ते सांग, मी लिहून घेते. मी आत गेलो. मला ऐकवलं नसतं. आठ दिवस दोघी बसत होत्या, दुपारी, धुणं-भांडी झाल्यावर. चौदा सालं निघाली. बाकीची एकमेकांत मिसळली, कुठला पाऊस कुठल्या सालचा ते आईला लागेना, आणि खोटं सांगायची तिची तयारी नव्हती. "आठवंना, मोकळं सोड," म्हणायची. त्या वहीत पानंच्या पानं मोकळी आहेत. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांतली सहा सालं मुलीनं तालुक्याच्या पावसाच्या आकड्यांशी ताडून बघितली. पाच जुळली. सहाव्यात आमच्या गावावर वेगळा पाऊस पडला असेल, असं आईचं म्हणणं होतं, आणि आमच्याकडं तसं होतंच.

बहात्तरच्या रेघेच्या शेवटी काजळाचा एक ठिपका होता म्हणे. बाकी सगळे चुन्याचे, तो एक काळा. तो कशाचा ते तिनं मुलीला सांगितलं, मला नाही. मुलगी म्हणते, आज्जी म्हणाली की पप्पांनी भिंत पुसली ते त्या एका ठिपक्यापुरतं बरं झालं, मला तो पुसवत न्हवता. मला वाटतं पोरगी माझ्यासाठी सांगते हे. तिला माहीत आहे मी काय घेऊन बसलोय ते. पण बहिणीचं नाव मला तिच्याकडूनच कळलं, ते काही तिनं मनानं रचलं नसणार.

वही झाल्यावर पुढच्या मृगात आईनं परत उखळात बोटं घातली. पण ठिपका लावायला भिंत कुठली? ती आतून ओरडून मुलीला नाहीतर मला सांगायची, "दीड बोट लिव्ह." मी लिहायला लागलो. मग पावसाबरोबर पेरणीची तारीख लिहायला लागलो, मग कोळपणीची, मग खर्च. मग हे पान सुरू केलं. तर ट्रेनिंग कुठं झालं, याचं उत्तर हे असं आहे.

गेल्या पौषात तिला चालवत नव्हतं. काठी घेऊन बांधापर्यंत यायची आणि बसायची, असं आम्हाला वाटत होतं. माघात ती गेली. थंडीनं छातीत कफ झाला, पाच दिवस दवाखाना, घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. तेरावं झालं आणि ज्वारी उपटायला लागलो. रानाच्या मधोमध अकरा ताटांना चिंध्या होत्या. हिरव्या लुगड्याच्या. मी आणलेल्या लुगड्याच्या. काठी टेकत ती तिथवर कधी गेली, कुणाला माहीत नाही. बायको म्हणाली, मला एकदा पायाला गवताची कुसळं दिसली होती त्यांच्या. मी बांधावर जाऊन बसलो, गड्यांनी तेवढी जागा सोडून पुढची पात धरली.

अकरा कणसांचं पाऊण किलो बियाणं भरलं. बाकी सहा एकराला मी फुले वसुधा पेरतो, उतारा बरा पडतो, ते काही लपवत नाही. पण हे पाऊण किलो वेगळं ठेवलंय, राख आणि लिंबाचा पाला घालून, मडक्यातच. पाच कोड्या मोजून ओल्या फडक्यात बांधले. काल सोडले. 91 मोडावले, 9 मेले.

आता नोंद. काल रात्री हस्ताचा पाऊस झाला, साडेनऊ ते अकरा. पर्जन्यमापकात 38 मिमी. उखळात दोन बोटं आणि तिसऱ्याला थोडं कमी. तीन-चार दिवसांत वाफसा येईल. बियाण्याला काणीसाठी 300 मेश गंधक किलोला 4 ग्रॅम चोळणार आहे, एकरी 4 किलो बियाणं, दोन ओळींत दीड फूट. आईचं बियाणं खालच्या रानात, बरोबर मधोमध, सात गुंठे. फोटो उगवल्यावर टाकतो.